राजदूत कोणाचा? : कार्डिनल पिओ लागी यांच्या कारकिर्दीची चिकित्सा

लॅटिन अमेरिकेतील मुक्तिवादी ईश्वरशास्त्राविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले गेले आहे. झोपडपट्टीत जाऊन राहिलेले पाद्री, शेतमजुरांच्या संघटना बांधणाऱ्या धर्मभगिनी, १९६८ ची मेडेलीन येथील बिशपांची परिषद हे सारे आमच्या पिढीतील कार्यकर्त्यांच्या तोंडी होते. मीही अभ्यासवर्गातून या विषयावर अनेकदा बोललो. अशाच एका वर्गात एका विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, तिथे पाद्री मारले जात होते तेव्हा पोपचा माणूस तिथे होता की नव्हता? असला तर तो काय करीत होता?" मला नीट उत्तर देता आले नाही. चर्चमध्येही वर्गसंघर्ष असतो, असे काहीतरी मोघम बोलून मी वेळ मारून नेली. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला दिलेले उशिराचे उत्तर होय.

पोपचा माणूस तिथे होता. त्याचे नाव पिओ लागी.

लागी यांचा जन्म २१ मे १९२२ रोजी इटलीतील फोर्ली प्रांतात, कास्तिल्योने या गावी झाला. १९४६ मध्ये ते पाद्री झाले आणि १९५२ मध्ये व्हॅटिकनच्या परराष्ट्र सेवेत दाखल झाले. निकाराग्वा, वॉशिंग्टन अशा नेमणुका करीत १९६० च्या दशकाच्या आरंभी ते दिल्लीच्या वकिलातीतही होते. १९६९ मध्ये ते आर्चबिशप झाले आणि पोपचे प्रतिनिधी म्हणून जेरुसलेमला गेले. एप्रिल १९७४ मध्ये आर्जेन्टिनातील नुन्सिओ म्हणून त्यांची नेमणूक झाली. नुन्सिओ म्हणजे पोपचा राजदूत.

या पदाचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय पुढची चर्चा व्यर्थ आहे. नुन्सिओचे काम दुहेरी असते. एकीकडे तो त्या देशाच्या सरकारकडे पाठविलेला राजदूत असतो. राष्ट्राध्यक्षाला तो आपली अधिकारपत्रे सादर करतो, आणि अनेक कॅथलिक देशांत तर सर्व परदेशी राजदूतांचा तोच ज्येष्ठ मानला जातो. दुसरीकडे तो त्या देशातील चर्चवरचा रोमचा डोळा असतो. कोणाला बिशप करावे याची शिफारस त्याच्याकडून जाते. बिशपांनी रोमला काही कळवायचे ते बव्हंशी त्याच्यामार्फत. म्हणजे राज्यसत्ता आणि धर्मसत्ता यांच्यामधल्या दाराची किल्ली त्याच्या खिशात असते. आर्जेन्टिनात तर या दोन सत्ता पहिल्यापासून एकमेकींना धरून होत्या. रोमन कॅथलिक उपासनेला सरकारने आधार द्यावा, असे त्या देशाच्या घटनेचे दुसरे कलमच सांगते. पुढे १९७९ मध्ये लष्करी राजवटीने कायदा करून बिशपांना न्यायाधीशाच्या पगाराच्या ८० टक्के इतके मासिक मानधन बांधून दिले. कोणत्या वर्षी कोणी कोणाला काय दिले, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने नीट टिपून ठेवावे.

लागी यांच्या नेमणुकीला दोन आठवडे होतात न होतात तोच, ११ मे १९७४ रोजी, ब्वेनोस आयरेसच्या झोपडपट्टीत काम करणारे फादर कार्लोस मुखिका यांचा चर्चच्या दारात गोळ्या घालून खून झाला. पुढे काय वाढून ठेवले आहे, याची ती सूचना होती. २४ मार्च १९७६ रोजी लष्कराने सत्ता घेतली. भूसेनेचे व्हिडेला, नौदलाचे मासेरा आणि हवाई दलाचे अगोस्ती या तिघांची समिती राज्य करू लागली. माणसे दिवसाढवळ्या, रात्रीअपरात्री उचलली जाऊ लागली. त्यांची अटक कोठे नोंदली जात नसे, खटला होत नसे, प्रेत मिळत नसे. 'बेपत्ता' या साध्या शब्दाला त्या देशाने नवा, भयंकर अर्थ दिला. १९८४ मध्ये सरकारी आयोगाने ८,९६० बेपत्ता व्यक्तींची नोंद केली. मानवी हक्क संघटना हा आकडा ३०,००० सांगतात. अनेकांना गुंगीचे औषध देऊन विमानातून समुद्रात फेकले गेले. १९९५ मध्ये शिलिंगो नावाच्या नौदल अधिकाऱ्याने हे जाहीरपणे कबूल केले. अशा उड्डाणानंतर लष्करी पाद्र्यांनी आपल्या मनाचे समाधान केले, असेही त्याने सांगितले.

या काळात नुन्सिओ लागी यांचे वर्तन कसे होते? त्यांच्यावरचा सर्वांत प्रसिद्ध आक्षेप टेनिसचा आहे. ते ॲडमिरल मासेरा यांच्याबरोबर टेनिस खेळत. याच मासेरांच्या हाताखाली नौदलाच्या यांत्रिकी शाळेत छळछावणी चालत होती आणि १९८५ मध्ये न्यायालयाने त्यांना जन्मठेप दिली. टेनिसची ही गोष्ट लोकांच्या मनात घर करून बसली हे स्वाभाविक आहे. परंतु मला ती तितकी महत्त्वाची वाटत नाही. राजदूत राज्यकर्त्यांबरोबर खेळतात, जेवतात. तो त्यांच्या धंद्याचा भाग आहे. यापेक्षा दोन प्रसंग मला अधिक बोलके वाटतात.

पहिला प्रसंग ४ जुलै १९७६ चा. ब्वेनोस आयरेसच्या सान पात्रिसिओ चर्चमध्ये तीन पाद्री आणि दोन धर्मविद्यार्थी यांची एका रात्रीत हत्या झाली. त्यानंतरच्या मिस्सेला सेनाधिकारीही आले. राजधानीच्या भागाचे लष्करी प्रमुख जनरल सुआरेस मासोन कम्युनियनसाठी पुढे आले आणि लागींनी त्यांना प्रसाद दिला. 'ब्वेनोस आयरेस हेरल्ड'चे संपादक रॉबर्ट कॉक्स यांनी सांगितले आहे की, लागी नंतर खासगीत त्यांच्याजवळ याविषयी बोलले. त्या जनरलच्या तोंडावर ठोसा मारावा असे आपल्याला वाटले, अशा अर्थाचे ते उद्गार होते. म्हणजे मारेकरी कोठून आले याची या माणसाला जाण होती आणि त्याला संतापही येत होता. परंतु संताप खासगीत राहिला आणि प्रसाद जाहीरपणे दिला गेला. त्याच्या आदल्याच महिन्यात तुकुमान प्रांतात, जेथे लष्कराची मोहीम चालू होती तेथे जाऊन, त्यांनी सैनिकांना आशीर्वादही दिला होता.

दुसरा प्रसंग एका पत्राचा. ला रिओखा या गरीब प्रांताचे बिशप एन्रिके अंखेलेली शेतमजुरांच्या बाजूचे. ५ जुलै १९७६ रोजी त्यांनी नुन्सिओंना पत्र लिहिले. आपल्याला धमक्या येत आहेत, आपल्या कामात अडथळे आणले जात आहेत, असे त्यांनी कळविले. त्याच महिन्यात त्यांचे दोन पाद्री, मुरियास आणि लाँगव्हील, उचलून नेऊन मारले गेले. ४ ऑगस्टला या खुनांची कागदपत्रे घेऊन परतताना अंखेलेलींची गाडी उलटली आणि ते मरण पावले. सरकारने 'अपघात' म्हटले आणि चर्चच्या वरिष्ठांनीही बराच काळ ते चालू दिले. २०१४ मध्ये न्यायालयाने हा खून ठरवून दोन माजी लष्करी अधिकाऱ्यांना जन्मठेप दिली. त्या खटल्यात अंखेलेलींचे ते पत्र पुरावा म्हणून आले. ते पाठविले होते पोप फ्रान्सिस यांनी, व्हॅटिकनच्या दप्तरातून. अडतीस वर्षे ते पत्र तेथे होते! गरिबाचा अर्ज कपाटात पडून राहणे म्हणजे काय, हे या वाचकांना वेगळे सांगायला नको. येथे तर अर्जदार स्वतः बिशप होता.

आता त्या आयांकडे वळू. ३० एप्रिल १९७७ रोजी चौदा बायका राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोरच्या मायो चौकात जमल्या. त्यांची मुले बेपत्ता होती. ठाणी, न्यायालये, लष्करी चर्चची कचेरी सगळे उंबरठे झिजवून झाले होते. जमाव करून उभे राहू नका, चालत राहा, असे पोलिसांनी दरडावले. तेव्हा त्या जोडीजोडीने चालू लागल्या आणि त्या चालण्याचीच चळवळ झाली. त्याच वर्षी लुखानच्या मारियामातेच्या यात्रेत गर्दीत एकमेकींना ओळखता यावे म्हणून त्यांनी डोक्याला तान्ह्या बाळाचे पांढरे फडके बांधले. जगभर ओळखले जाणारे ते चिन्ह असे एका यात्रेत जन्मले. या बायका धर्मद्रोही नव्हत्या. त्या भाविक होत्या, आपल्या मातेच्या दाराशी आल्या होत्या. डिसेंबर १९७७ मध्ये त्यांच्यातील पुढारी असुसेना व्हिलाफ्लोर आणि त्यांना साथ देणाऱ्या दोन फ्रेंच धर्मभगिनी, ॲलिस डोमों आणि लेओनी द्युके, यांनाही उचलण्यात आले. अपहरणांतले काही चर्चच्या दारातून झाले. त्यांत दगा देणारा नौदलाचा तरुण अधिकारी बेपत्ता माणसाचा भाऊ म्हणून त्यांच्यात मिसळला होता. असुसेना आणि लेओनी यांच्या अस्थींची ओळख पटायला २००५ साल उजाडले.

१९९७ मध्ये या आयांच्या संघटनेने लागी यांच्याविरुद्ध इटलीत तक्रार दाखल केली. लागींनी सर्व आरोप नाकारले आणि खटला उभा राहिला नाही.

त्यांची बाजूही मांडली पाहिजे, कारण एकतर्फी निवाडा ही आपली रीत नव्हे. अनेक बेपत्ता व्यक्तींविषयी त्यांनी सरकारकडे विचारणा केली, काहींना देशाबाहेर पडायला मदत केली, हे त्यांचे समर्थक सांगतात आणि त्यात तथ्य आहे. जाहीर निषेध केला असता तर हा मार्गही बंद झाला असता, असा त्यांचा युक्तिवाद असतो. शिवाय लागी हे कुशल राजदूत होते. डिसेंबर १९७८ मध्ये बीगल सामुद्रधुनीतील बेटांवरून आर्जेन्टिना आणि चिली युद्धाच्या काठावर आले, तेव्हा पोपची मध्यस्थी घडवून आणण्यात त्यांचा वाटा होता. कार्डिनल सामोरे आले, जानेवारी १९७९ मध्ये मॉन्तेव्हिदेओ येथे करार झाला, १९८४ मध्ये तंटा कायमचा मिटला. हजारो सैनिकांचे प्राण वाचले. हे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल.

पण नेमका येथेच माझा प्रश्न आहे. दोन सरकारांमधील युद्ध थांबवायला जी मुत्सद्देगिरी समर्थ ठरली, ती एक सरकार आपल्याच लोकांविरुद्ध युद्ध करीत असताना लुळी का पडली? याचे कारण लागींच्या स्वभावात शोधू नये, पदाच्या रचनेत शोधावे. राजदूताची अधिकारपत्रे सरकारकडे सादर झालेली असतात. चौकातल्या आईकडे ती कोणी सादर करीत नाही. तिच्याशी बोलणे ही 'दया' ठरते, जनरलशी बोलणे हे 'काम' ठरते.

मात्र रचनेचे नाव सांगून माणूस सुटत नाही. १९४४ मध्ये बुडापेस्टचे नुन्सिओ आंजेलो रोता यांनी ज्यूंना हजारो संरक्षणपत्रे दिली आणि हंगेरीच्या सरकारकडे वारंवार निषेध नोंदविला. तेही नुन्सिओच होते, त्यांचीही अधिकारपत्रे सरकारकडेच होती. शेजारच्या चिलीत कार्डिनल सिल्वा एन्रिकेस यांनी १९७६ च्या आरंभी चर्चच्या छत्राखाली एक कचेरीच उघडली. तेथे वकील बसले, बेपत्तांच्या नातेवाइकांचे जबाब लिहून घेतले गेले, न्यायालयात अर्ज गेले. एकच धर्म, एकच रोम, एकच दशक. म्हणजे वाट होती, आणि ती चालणारेही होते.

लागींची कारकीर्द पुढे चढतीच राहिली. १९८० च्या अखेरीस ते अमेरिकेत पोपचे प्रतिनिधी झाले. १९८४ मध्ये वॉशिंग्टन आणि व्हॅटिकन यांच्यात पूर्ण राजनैतिक संबंध जुळले तेव्हा ते तेथील राजदूत बनले. १९९१ मध्ये कार्डिनल झाले. मार्च २००३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी इराकवरील हल्ला थांबवावा म्हणून त्यांना राष्ट्राध्यक्ष बुश यांच्याकडे पाठविले, कारण बुश घराण्याशी त्यांचा जुना स्नेह होता. बुश यांनी ऐकले नाही. तेव्हा ऐंशी वर्षांचा हा वृद्ध मुत्सद्दी बाहेर येऊन पत्रकारांना म्हणाला की, हे युद्ध बेकायदेशीर आणि अन्यायाचे ठरेल. ते वाचताना मी थबकलो. हा आवाज त्यांच्यापाशी होता तर! जानेवारी २००९ मध्ये ते वारले.

एक स्वतःचा अनुभव सांगून थांबतो. आमच्या भागात एका गावाने वस्तीवर बहिष्कार टाकला होता. चौकशीला आलेला अधिकारी आधी मोठ्या वाड्यात चहाला गेला. वस्तीत आला तो दिवस कलल्यावर, आणि 'सलोख्याने राहा' असे सांगून निघाला. जाताना मला बाजूला घेऊन त्याने त्या वाड्यातल्या लोकांना मनापासून शिव्या दिल्या. माणूस वाईट नव्हता. अहवालात मात्र त्याने लिहिले : दोन गटांतील किरकोळ वाद. त्याच्या शिव्या मला आजही आठवतात, पण वस्तीच्या उपयोगी पडला असता तो अहवाल.

त्या विद्यार्थिनीला मी आता इतकेच सांगेन : पोपचा माणूस तिथे होता. त्याला माहीत होते आणि त्याला वाईटही वाटत होते. पण आपल्या बाजूने बोलायला येणारा माणूस मनातून कसा आहे, एवढेच पाहून चालत नाही. तो आधी कोणाच्या दारी जातो आणि कागदावर काय लिहितो, हे पाहावे. ला रिओखाच्या बिशपांनी जे पाहिले ते कागदावर लिहिले होते. म्हणून अडतीस वर्षांनी का होईना, न्यायालयात ते बोलू शकले.