गाणे रसिकांपर्यंत नेताना : शास्त्रीय संगीताच्या प्रसिद्धी व विपणनाचे कार्यक्षेत्र

- खास प्रतिनिधी

रागदारीची मनापासून आवड आहे, कान तयार आहे. पण व्यासपीठावर बसून तासभर गाण्याइतकी तयारी नाही, असे अनेक तरुण महाराष्ट्रात आणि गोव्यात आढळतात. विशारद व्हायचे, तंबोरा गवसणीत घालून ठेवायचा आणि बँकेत किंवा संगणक कंपनीत नोकरी धरायची, हा त्यांच्यापुढील रुळलेला मार्ग. मैफल मात्र केवळ गायक आणि साथीदारांच्या बळावर उभी राहत नाही. सभागृहाचे भाडे कोणीतरी उभे करतो, वृत्तपत्रात चार ओळी याव्यात म्हणून कोणीतरी धडपडतो, तिकिटे खपतील की नाही याची काळजी कोणीतरी वाहतो. आपल्याकडे हे काम दीर्घकाळ 'कार्यकर्त्यांचे' समजले गेले. संध्याकाळी कचेरी सुटल्यावर करायचे, पदरमोड करून करायचे आणि मानधनाचे नाव काढायचे नाही, असा त्याचा शिरस्ता होता. आता त्यातून एक स्वतंत्र व्यवसाय आकाराला आला आहे. त्याचे स्वरूप, त्यासाठी लागणारी तयारी आणि त्यातील अडचणी यांची ही ओळख.

परंपरा जुनीच

संगीताचे विपणन ही आधुनिक काळाची देणगी आहे, असा समज असल्यास तो दूर करायला हवा. संस्थानिकांचा आश्रय आटू लागला तेव्हा सामान्य श्रोत्याकडे वळण्याचे धाडस पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी दाखविले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली, १९०८ मध्ये मुंबईत शाखा काढली. जाहीर जलसे, तिकिटे, वर्गण्या, स्वतःचा छापखाना आणि 'संगीतामृत प्रवाह' हे मासिक अशी साधने त्यांनी वापरली. याच धडपडीत झालेल्या कर्जापायी मुंबईची वास्तू त्यांना गमवावी लागली, हेही या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्याने लक्षात ठेवावे. प्रसिद्धी मिळाली म्हणजे ताळेबंद जुळतोच असे नाही.

१९०२ च्या नोव्हेंबरमध्ये कोलकात्यात गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण झाले. त्या काळच्या तबकड्यांवर गाणे संपताच कलाकार आपले नाव मोठ्याने उच्चारीत असे. मुद्रिका परदेशी कारखान्यात जात आणि तेथील कारागिरांना गायकाची ओळख पटावी, हा त्यामागील हेतू. श्रोत्यांच्या दृष्टीने मात्र ती नाममुद्राच ठरली. पुण्यात गायनाचार्य भास्करबुवा बखले यांनी १९११ मध्ये भारत गायन समाज स्थापन केला. गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ पं. भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये सुरू केलेला महोत्सव तर संयोजनाची पाठशाळाच मानावा लागेल. भारतीय बैठकीचे स्वस्त तिकीट, खुर्चीचे त्याहून महाग आणि संपूर्ण महोत्सवाची एकत्रित प्रवेशिका, या रचनेमुळे विद्यार्थी आणि धनिक एकाच मंडपात बसू शकले. दराची अशी उतरंड ही विपणनातील पहिली शिकवण होय.

कामाचे स्वरूप

या क्षेत्रातील कामाचे साधारण चार भाग पडतात. पहिला, महोत्सव किंवा संगीत संस्थेचा प्रसिद्धिप्रमुख. दुसरा, एखाद्या कलाकाराच्या तारखा, मानधन, प्रवास आणि प्रसिद्धी सांभाळणारा व्यवस्थापक. तिसरा, ध्वनिमुद्रण कंपनीतील किंवा आंतरजालावरील संगीतसेवेतील विपणन अधिकारी. चौथा, प्रायोजक आणि आयोजक यांची गाठ घालून देणारा सल्लागार. लहान संस्थेत ही चारही कामे एकाच व्यक्तीच्या गळ्यात पडतात.

मोठ्या महोत्सवाची तयारी कित्येक महिने आधी सुरू होते. प्रथम कलाकारांच्या तारखा आणि सभागृह निश्चित करावे लागते, मग प्रायोजकांसाठी प्रस्ताव तयार होतो. त्यानंतर पत्रकार परिषद, तिकीटविक्री, फलक, निमंत्रणे आणि शेवटच्या आठवड्यात वृत्तपत्रांसाठी परिचयपर मजकूर. कामाचा हंगामही ठरलेला असतो. गुरुपौर्णिमा, गणेशोत्सव, कोजागिरी, दिवाळी पहाट आणि त्यानंतर डिसेंबर ते फेब्रुवारी हे थंडीचे महिने. उन्हाळ्यात हात रिकामे असतात, तेव्हा पुढील वर्षाची बांधणी करावी लागते.

काय विकायचे?

पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या कार्यक्रमात कोणती रचना वाजणार हे आधीच जाहीर होते. मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राने, म्हणजेच एनसीपीएने, २००६ मध्ये उभा केलेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया याच पद्धतीने आपली कार्यक्रमपत्रिका काढतो. हिंदुस्थानी मैफलीत मात्र अनेकदा कलाकार व्यासपीठावर बसल्यावर, तंबोरे जुळल्यावर आणि समोरचा श्रोता पाहिल्यावर राग ठरवितो. मग प्रसिद्धिप्रमुखाने जाहिरातीत लिहायचे काय? कलाकाराचे नाव, घराणे, गुरुपरंपरा, साथीदार आणि मैफलीची वेळ, एवढेच त्याच्या हाती असते. त्यातही वेळ महत्त्वाची. सकाळच्या मैफलीत तोडी किंवा ललत, दुपारी सारंगाचे प्रकार, तिन्हीसांजेला मारवा, पूरिया अशी अपेक्षा जाणकार श्रोता मनाशी धरून येतो. ही जाण नसलेल्या माणसाने लिहिलेली जाहिरात पहिल्याच ओळीत उघडी पडते.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी या वेळेच्या गणितालाच हात घातला. रात्री १० ते सकाळी ६ या काळात उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते. बंदिस्त सभागृहाला हे बंधन त्याच रीतीने लागू नाही. परिणामी, पूर्वी रात्रभर रंगणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या उत्सवांना आपली आखणी बदलावी लागली. उत्तररात्रीचे राग खुल्या मंडपातून जवळपास हद्दपार झाले. पण पहाटेच्या आणि सकाळच्या मैफलींना नवा श्रोता लाभला. अडचणीतून नवे सत्र उभे करणे, हेही विपणनच.

नावांचा क्रम आणि मान

या क्षेत्रात जाहिरातीचा मजकूर लिहिणे म्हणजे तारेवरची कसरत. कोणाला 'पंडित' लिहायचे, कोणाला 'उस्ताद', कोणाला 'विदुषी'. फलकावर कोणाचे नाव वर आणि कोणाचे अक्षर मोठे, यावरून रुसवेफुगवे होतात. सर्वांत ज्येष्ठ कलाकार प्रथेनुसार शेवटी गातो, पण त्याचे नाव मात्र प्रथम छापावे लागते. तबला आणि संवादिनीच्या साथीदारांची नावे गाळण्याची चूक तर सर्रास होते. हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न राहिलेला नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, सादरकर्ता म्हणून ओळखले जाण्याचा नैतिक हक्क कलाकाराला मिळाला असून, सादरीकरणाच्या व्यावसायिक वापरातून स्वामित्वधन मागण्याचा हक्कही मान्य झाला आहे. सादरकर्त्यांत साथीदारही येतात. मैफलीचे चित्रीकरण परस्पर आंतरजालावर टाकण्यापूर्वी सर्व कलाकारांची लेखी संमती घेणे, हे प्रसिद्धिप्रमुखाचे कर्तव्य आहे.

प्रायोजक, कंपन्या आणि कर

शास्त्रीय संगीताची तिकीटविक्री बहुधा खर्च भरून काढत नाही. म्हणून प्रायोजक लागतो. जाहिरात आणि अभिजात संगीत यांचे नाते आपल्याला अपरिचित नाही. उस्ताद झाकीर हुसेन यांची चहाची जाहिरात घराघरांत पोहोचली. १९८८ च्या स्वातंत्र्यदिनी दूरदर्शनवर आलेले 'मिले सुर मेरा तुम्हारा' हे पं. भीमसेन जोशींच्या स्वरांनी सुरू होणारे गीतही जाहिरात क्षेत्रातील मंडळींच्याच कल्पनेतून साकारले होते.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याच्या सरासरीतील किमान २ टक्के रक्कम सामाजिक उपक्रमांवर खर्च करावी लागते. कला व संस्कृतीच्या जतनाचा त्यात समावेश आहे. येथे एक मेख आहे. स्वतःच्या मालाच्या जाहिरातीसाठी दिलेले प्रायोजकत्व या खर्चात धरता येत नाही, असे २०२१ च्या सुधारित नियमांत स्पष्ट केले आहे. म्हणून एकाच कंपनीकडे जाताना आपण सामाजिक निधी मागत आहोत की व्यासपीठामागील फलकाची किंमत, हे प्रस्तावात आधीच ठरलेले हवे. दोन्हींची सरमिसळ केलेला प्रस्ताव लेखा विभागात अडकतो. तंबाखूजन्य पदार्थांच्या उत्पादकांचे प्रायोजकत्व २००३ च्या कायद्याने बंद केले, याचेही भान असावे.

वस्तू व सेवा करातही बारकावे आहेत. संगीत मैफलीच्या तिकिटावरील करमाफीची मर्यादा जानेवारी २०१८ मध्ये माणशी २५० वरून ५०० रुपये करण्यात आली. शास्त्रीय किंवा लोककलेच्या सादरीकरणासाठी कलाकाराला दीड लाख रुपयांपर्यंतच्या मानधनावर सूट देण्यात आली. मात्र तोच कलाकार एखाद्या उत्पादनाचा प्रचारदूत म्हणून काम करीत असेल, तर ती सूट नाही. तिकिटाचा दर ठरविताना चार्टर्ड अकाउंटंटचा सल्ला घेणे शहाणपणाचे.

तबकडीपासून आंतरजालापर्यंत

ध्वनिमुद्रणाच्या विपणनात नावीन्याला वाव आहे, हे १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या तबकडीने सिद्ध केले. पं. शिवकुमार शर्मा, पं. हरिप्रसाद चौरसिया आणि पं. ब्रिजभूषण काब्रा यांचे वादन एका दिवसाच्या कथेत गुंफल्यामुळे नवा श्रोता रागसंगीताकडे वळला. २०१७ मध्ये सारेगामा कंपनीने आणलेल्या 'कारवां' या जुन्या रेडिओसारख्या दिसणाऱ्या यंत्राने, ज्येष्ठांना काय हवे हे ओळखले.

आज ध्वनिमुद्रणे प्रामुख्याने आंतरजालावरून ऐकली जातात. या सेवांची रचना चित्रपटगीतांना सोयीची : गीत, गायक, चित्रपट. 'राग यमन' असे नाव दिले तर त्याच नावाच्या असंख्य मुद्रणांत आपले मुद्रण हरवते. म्हणून राग, ताल, बंदिशीचा मुखडा, लय, साथीदार आणि मुद्रणाचे वर्ष यांची अचूक नोंद करणारा माणूस हवा असतो. प्रत्येक मुद्रणाला आंतरराष्ट्रीय संकेतांक, म्हणजे आयएसआरसी, मिळवावा लागतो. काम किचकट व अप्रसिद्ध, पण संगीत जाणणाऱ्या तरुणाला येथे खरी संधी आहे. २०२० च्या टाळेबंदीत सभागृहे बंद पडली, तेव्हा ही नोंद नीट ठेवणाऱ्या संस्थांना आपला जुना ठेवा श्रोत्यांपुढे आणणे सोपे गेले.

प्रशिक्षण कोठे?

केवळ या कामासाठी वेगळी पदवी घेण्याची गरज नाही; दोन विद्यांची जोड हवी. संगीताच्या बाजूने अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा, मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग किंवा पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र. माध्यमांच्या बाजूने पुण्याची रानडे इन्स्टिट्यूट, मुंबईची झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स किंवा अहमदाबादची 'मायका'. अनुभवासाठी किरण सेठ यांनी १९७७ मध्ये सुरू केलेली 'स्पिक मॅके' ही चळवळ उत्तम. महाविद्यालयात असतानाच कलाकाराला स्थानकावरून आणण्यापासून सभागृह भरण्यापर्यंतची सर्व कामे तेथे विद्यार्थीच करतात. शुद्ध मराठी, सफाईदार इंग्रजी आणि कामचलाऊ हिंदी या तिन्ही भाषा लिहिता यायला हव्यात.

मिळकत आणि जबाबदारी

सुरुवातीला येथे मोबदला कमी आणि अनियमित असतो. पूर्णवेळ पगार मोठ्या संस्था, सभागृहे आणि कंपन्यांतच मिळतो. इतरत्र कार्यक्रमागणिक रक्कम ठरते. ती लेखी ठरवून घ्यावी. हाच नियम कलाकारांसाठीही पाळावा. 'तुम्हाला प्रसिद्धी मिळेल' असे सांगून नवोदिताला फुकट गायला बसविण्याची वाईट चाल पडली आहे, आणि ते सांगण्याचे काम बहुधा प्रसिद्धिप्रमुखावर येते. तेथे नाही म्हणणे, हीसुद्धा या व्यवसायाची नीतिमत्ता आहे. तोच प्रकार फुकट पासांचा. पास घेऊन न आलेल्यांच्या रिकाम्या खुर्च्या पुढच्या रांगेत आणि तिकीट न मिळालेला विद्यार्थी दाराबाहेर, हे दृश्य कोणत्याही आयोजकाला शोभणारे नाही.

शेवटचा मुद्दा सचोटीचा. प्रस्तुत प्रतिनिधीच्या टेबलावर एकदा एका संस्थेची बातमी आली. 'बहारदार मैफलीने रसिक मंत्रमुग्ध', असे तिचे शीर्षक. मजकुरात रागांची नावे होती, टाळ्यांचा कडकडाटही होता. खात्री करण्यासाठी दूरध्वनी केला, तेव्हा कळले की अवेळी पावसाने मैफल झालीच नव्हती. बातमी आदल्या दिवशीच लिहून ठेवलेली होती. तेव्हापासून त्या संस्थेचा प्रत्येक कागद आमच्याकडे दोनदा तपासला जातो. प्रसिद्धीच्या व्यवसायात विश्वास हेच भांडवल. गाण्यात एखादा सूर घसरला तर कलाकार पुढच्या आवर्तनात सावरून घेतो. येथे गेलेली पत सावरायला वर्षे लागतात. हे पथ्य पाळून, कान उघडे ठेवून जो तरुण या क्षेत्रात उतरेल, त्याला पैसा कदाचित सावकाश मिळेल, परंतु भरलेल्या सभागृहात मागच्या भिंतीला टेकून भैरवी ऐकण्याचे समाधान पहिल्या वर्षीच मिळेल.