शेवट नक्की कोण लिहितं?

डिसेंबर २०२५ मध्ये ‘माय हीरो अकॅडेमिया’ एकदाची संपली. एप्रिल २०१६ पासून चालू होती. त्याआधी नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘अटॅक ऑन टायटन’ आटोपली होती. दोन्हींच्या शेवटांवरून मंडळी अजून भांडतायत. आमच्या ऑफिसखालच्या टपरीवर तर दोन तट पडलेत. माझं मत सांगतोच, पण आधी जरा मागे जाऊ. अ‍ॅनिमे मालिकेचा शेवट नक्की कोण ठरवतं, ही गोष्ट कधीकधी त्या शेवटापेक्षा भारी असते. (पुढे सगळ्यांचे शेवट फोडलेत. ज्यांना या मालिका अजून बघायच्यात त्यांनी इथूनच मागे फिरावं.)

सुरुवात अर्थातच ओसामु तेझुकांपासून. त्यांची ‘तेत्सुवान आतोम’, म्हणजे अ‍ॅस्ट्रो बॉय, १ जानेवारी १९६३ ला फुजी टीव्हीवर सुरू झाली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचं अ‍ॅनिमेशन म्हणजे त्या काळी शुद्ध वेडेपणा. तेझुकांनी चित्रांची संख्या कमी केली, तेच तेच तुकडे परत वापरले (आपल्या भाषेत कोड रियूज), आणि भाग चॅनेलला खर्चापेक्षा स्वस्तात विकले. उरलेला खड्डा भरायचा तो आतोमचं चित्र छापलेल्या मालातून. मेइजीच्या चॉकलेटबरोबर त्याचे स्टिकर यायचे. १९३ भागांनंतर, ३१ डिसेंबर १९६६ ला, आतोम पृथ्वी वाचवायला थेट सूर्यात झेपावतो. पुढे १९७३ मध्ये तेझुकांच्या मुशी प्रॉडक्शनचं दिवाळं वाजलं, पण तोवर धंद्याला एक सवय लागून गेली होती: कार्टून ही जाहिरात, खरी कमाई मालातून. मग शेवटही माल विकणारा ठरवणार, हे ओघानं आलंच.

त्या जमान्यात मालिकेचं माप होतं ५२ भाग, म्हणजे वर्षाचे आठवडे. आपण दूरदर्शनवर बघितलेला ‘मोगली’ आठवतो? तो १९८९ चा जपानी माल, आणि त्याचेही बरोब्बर ५२.

‘गंडाम’ पण ५२ चीच ठरली होती. एप्रिल १९७९ मध्ये सुरू झाली तेव्हा मुख्य प्रायोजक होती क्लोव्हर नावाची खेळण्यांची कंपनी. दिग्दर्शक योशियुकी तोमिनोंनी रोबोंच्या मारामारीऐवजी चक्क युद्ध दाखवलं. थकलेली, घाबरलेली पोरं, आणि शत्रूकडेही माणसंच. रेटिंग पडलं, खेळणी खपेनात, आणि मालिका ४३ भागांवर छाटली गेली. जानेवारी १९८० मध्ये संपलीसुद्धा. आता गंमत बघा. नऊ भागांची कथा दाबून बसवलेला तो शेवट मला आजही आवडतो. गंडामचं डोकं उडालंय, हात तुटलाय, आमुरो ते यंत्र टाकून देऊन आपल्या माणसांकडे परततो. फालतू काही घालायला वेळच नव्हता! पुढे त्याच वर्षी बांदाईने गंडामची जोडायची प्लॅस्टिक मॉडेल्स काढली आणि ती तुफान खपली. १९८१-८२ मध्ये तीन सिनेमे आले. म्हणजे खेळण्यांमुळे मेलेली मालिका खेळण्यांमुळेच जिवंत झाली.

‘इव्हँगेलियन’ची भानगड वेगळी. ऑक्टोबर १९९५ ते मार्च १९९६, २६ भाग. इथे भाग छाटायला कुणी आलं नव्हतं, वेळापत्रकच कोसळलं. राक्षस, यंत्रं, जगबुडी सगळं उभं करून शेवटचे दोन भाग शिंजीच्या डोक्यात घडतात. स्थिर चित्रं, कच्च्या रेघा, आणि शेवटी सगळे गोल उभे राहून टाळ्या वाजवतात. चाहते खवळले. दिग्दर्शक हिदेआकी आन्नोंनी जुलै १९९७ मध्ये सिनेमा काढून दुसरा शेवट दिला, जो पहिल्यापेक्षा कैक पटींनी भीषण आहे, आणि त्यात मध्येच थिएटरात बसलेल्या प्रेक्षकांचंच चित्रण दाखवलं. घ्या, हवा होता ना शेवट! तिसरा शेवट २०२१ च्या सिनेमात आला, तो मात्र शांत, जरा जास्तच समजूतदार. माझं मत विचाराल तर टीव्हीवरचाच खरा. पैसे आणि वेळ दोन्ही संपलेल्या माणसाने जे मनात होतं तेच पुढे केलं, असं तो बघताना वाटतं.

तिसरी अडचण मांगाची. ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ २००३ मध्ये पडद्यावर आली तेव्हा हिरोमु अराकावांचा मांगा अर्ध्यावरही नव्हता. म्हणून ५१ भागांच्या मालिकेने स्वतःचा शेवट रचला, ज्यात एडवर्ड आपल्या जगात, पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत येऊन पडतो. २००९-१० मध्ये ‘ब्रदरहुड’ने ६४ भागांत मूळ कथा नीट पूर्ण केली. सगळे ब्रदरहुडला डोक्यावर घेतात. घ्या बापडे, पण मला पहिलीचा तो विचित्र, दुःखी शेवट जास्त लागतो.

असो. तर आजचं चित्र उलटं आहे. वर्षभर सलग चालवण्याऐवजी सीझन पाडतात, मांगा पुढे जाईपर्यंत थांबतात, त्यामुळे शेवट लेखकाचाच येतो. किंमत एवढीच, की संपता संपत नाही. ‘अटॅक ऑन टायटन’चा ‘फायनल सीझन’ डिसेंबर २०२० ला सुरू होऊन नोव्हेंबर २०२३ ला संपला. फाईलला ‘फायनल_फायनल_२’ नाव देणारे आपणच नाही तर! पण या उशिराचा फायदाही झाला. एप्रिल २०२१ मध्ये मांगा संपला तेव्हा आर्मिन एरेनचे, माणूसजातीचा ऐंशी टक्के संहार करणाऱ्या मित्राचे, जवळजवळ आभार मानतो, आणि त्यावर रास्त बोंब झाली. अ‍ॅनिमेसाठी लेखक हाजिमे इसायामांनी तो संवाद नव्याने लिहिला. आता आर्मिन म्हणतो की यात मीही वाटेकरी, आपण दोघे नरकात भेटू. दोन वर्षांनी सोडलेला पॅच, पण बग खरोखर सुटला. ही मालिका पहिल्यापासून विचारत होती की जे झालं त्याची जबाबदारी कोणाची. तिथे आभार चालूच शकत नव्हते.

‘माय हीरो’वर लोक चिडले कारण देकूची शक्ती विझते आणि आठ वर्षांनी तो शाळेत मास्तर असतो. एवढा राबला आणि शेवटी मास्तर? मला तेवढंच पटलं. माझी तक्रार पुढच्या दहा मिनिटांबद्दल आहे, जिथे मित्र पैसे जमवून त्याला यांत्रिक सूट देतात आणि तो परत हीरो होतो. क्लोव्हरवाले असते तर मालिका मास्तरवरच कापली असती.