अकरावी वर, बारावी खाली

पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण मागे पडलं की इंदापूर यायच्या आधी लोणी देवकर लागतं. उजनीचा फुगवटा इथून लांब नाही आणि आता गावाची ओळख एमआयडीसीमुळेही आहे. इथल्या कुठल्याही घरात विचारा, पोरगी काय करते? ती अकरावीत असेल तर उत्तर ठरलेलं: ‘कॉलेजला आहे.’ बोर्डाच्या दप्तरी ती उच्च माध्यमिकची विद्यार्थिनी, म्हणजे शाळकरीच. विद्यापीठाला तिचा पत्ता नाही. बऱ्याच ठिकाणी अंगावर गणवेशही असतो. तरी ती कॉलेजला. यात घरच्यांचं काही चुकत नाही. हा घोळ त्यांनी घातलेला नाही, तो दीडशे वर्षांत घडत गेला आहे.

शाळा आणि कॉलेजची अशी सरमिसळ अमेरिकेत ठरवून होते: हायस्कूलमधली मुलं शाळेत असतानाच कॉलेजचे काही विषय घेतात. त्यांचे क्रेडिट आधीच गाठीशी बांधतात आणि पदवी लवकर नाहीतर स्वस्तात पदरात पाडून घेतात. कनेटिकट विद्यापीठाने १९५५ साली आसपासच्या शाळांत असे वर्ग सुरू केले. मिनेसोटा राज्याने १९८५ साली त्यासाठी कायदाच केला. आपल्याकडे असलं काही नाही, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात महाराष्ट्राने हे काम फार मोठ्या प्रमाणावर केलं आहे. फरक इतकाच, की तिकडे हुशार मुलाला शाळा आणि कॉलेजमधली भिंत ओलांडू देतात आणि आपण भिंतच हलवली, तीही सगळ्यांसाठी एकदम.

मुळात ही भिंत नव्हतीच. मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शाळेचे आणि कॉलेजचे वर्ग एकाच संस्थेत नांदत होते. १८५६ साली दोघांची वाटणी झाली. पुढच्याच वर्षी मुंबई विद्यापीठ निघालं आणि १८५९ साली त्याने पहिली मॅट्रिकची परीक्षा घेतली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या खेपेचे मॅट्रिक. १८६२ साली विद्यापीठाचे पहिले चार बी. ए. झाले, त्यांतही हे दोघे होतेच. वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे हे उरलेले दोन.

मॅट्रिक म्हणजे विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा. शाळेचं शेवटचं वर्ष शाळेत शिकवायचं, पण काय शिकवायचं आणि पास कोणाला करायचं हे विद्यापीठ ठरवायचं. गावोगावचं हायस्कूल असं नकळत विद्यापीठाच्या दावणीला बांधलं गेलं. मॅट्रिकला एवढं वजन आलं की नापास झालेल्यालाही ‘नॉन-मॅट्रिक’ म्हणून एक दर्जा मिळाला आणि नोकरीच्या अर्जात तो अभिमानाने लिहिला जाऊ लागला.

उलट दिशेनेही ये-जा होती. चिपळूणकर, टिळक, आगरकर या मंडळींनी १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढलं. त्याच शाळेच्या पोटातून २ जानेवारी १८८५ला फर्ग्युसन कॉलेज निघालं. शाळेचे मास्तर कॉलेजचे प्रोफेसर झाले. शाळा चांगली चालली की तिला कॉलेज फुटायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. पुढे तालुक्याच्या गावांतल्या शिक्षण मंडळांनी हाच कित्ता गिरवला.

त्या काळचा हिशेब असा: अकरा वर्षं शाळा, मग मॅट्रिक. कॉलेजात दोन वर्षं काढून ‘इंटर’, आणि आणखी दोन वर्षांनी बी. ए. एकूण पंधरा. यात इंटरचा टप्पा अवघड घाट. इंजिनिअरिंग आणि मेडिकलच्या वाटा इंटर सायन्सवरून फुटायच्या, त्यामुळे खरी चाळणी तिथे लागायची. पण ही दोन वर्षं नेमकी कोणाची, यावर पहिल्यापासून वाद होता. १९१७ साली नेमलेल्या सॅडलर आयोगाने दोन वर्षांत निकाल दिला: इंटरचा अभ्यास हा शाळेचाच वरचा भाग आहे, तो विद्यापीठाच्या गळ्यातून काढा. अहवाल कलकत्ता विद्यापीठावर होता, पण वाद सगळ्या देशाचा होता. स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोगानेही तेच सुचवलं. बारा वर्षांचा अभ्यास झाल्याशिवाय विद्यापीठाचं दार उघडू नये, असं त्याचं म्हणणं.

मुंबई राज्याने अर्धी वाट चालून दाखवली. १९४९ साली मॅट्रिकच्या जागी एसएससी आली आणि शाळेची शेवटची परीक्षा विद्यापीठाच्या हातातून बोर्डाच्या हातात गेली. त्याच वर्षी पुणे विद्यापीठ स्थापन झालं. पण अकरावीनंतरचं पहिलं वर्ष कॉलेजातच राहिलं. पुणे विद्यापीठाच्या टापूत त्याला पुढे ‘प्री-डिग्री’ म्हणत. पी. डी. केलेली माणसं आज सत्तरीत आहेत. त्यांना विचारलं की ती सांगतात, कॉलेजात गेलो खरे, पण शिकलो शाळेचंच.

शेवटचा धक्का दिला कोठारी आयोगाने. जुलै १९६४मध्ये नेमलेल्या या आयोगाने जून १९६६मध्ये शिक्षणमंत्री छागला यांच्या हाती अहवाल ठेवला. आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जयंत पांडुरंग नाईक. दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध या अहवालाने देशाच्या तोंडी बसवला. त्यात आणखी एक अट होती आणि ती आपण सोयीने विसरलो: वरच्या दोन वर्षांतली निम्मी मुलं व्यवसायाचं शिक्षण घेणारी असावीत.

महाराष्ट्रात १९७५च्या मार्चमध्ये गंमत झाली. जुन्या पद्धतीची अकरावीची मुलं आणि नव्या पद्धतीची दहावीची मुलं एकाच वर्षी एसएससी झाली. थोरला भाऊ अकरावी पास, धाकटा दहावी पास, आणि दोघांच्या हाती एकाच नावाचं प्रमाणपत्र. काही घरांत यावरून जेवणाच्या पानावर वाद झाले असणार. पण खरा बदल त्याखाली होता. कालपर्यंत शाळेत असलेली अकरावी एका रात्रीत कॉलेजात चढली. कालपर्यंत कॉलेजात असलेलं पहिलं वर्ष बारावी होऊन बोर्डाकडे उतरलं. अकरावी वर गेली, बारावी खाली आली. एकूण वर्षं पंधराच राहिली. अमेरिकेत ज्यासाठी अर्ज करावा लागतो, ते इथे सक्तीचं झालं: कॉलेजचं एक वर्ष शाळेच्या बोर्डाखाली, प्रत्येक मुलाने.

अभ्यासक्रमही तसाच सरकला. इंटर सायन्सचं बरंचसं गणित आणि रसायन बारावीच्या पुस्तकात येऊन बसलं, आणि इंजिनिअरिंग-मेडिकलची चाळणीही तिथेच आली. वय मात्र सतरा. बारावीचं वर्ष म्हटलं की आजही घरातला टीव्ही बंद होतो, पाहुण्यांना येऊ नका सांगितलं जातं, त्याचं मूळ या सरकण्यात आहे.

आता या दोन वर्षांना घर कुठे द्यायचं? कोठारींचा कल शाळेकडे होता. महाराष्ट्राने दोन्ही दारं उघडी ठेवली. काही अकरावी-बारावी हायस्कूलला जोडल्या, काही पदवी महाविद्यालयात राहिल्या, आणि नाव दोन्हीकडे एकच: ज्युनिअर कॉलेज. या नावाचं एक जुनं बिऱ्हाड अमेरिकेत आहे. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांना पदवीची पहिली दोन वर्षं विद्यापीठाबाहेर हवी होती. त्यांच्या प्रेरणेने जे. स्टॅन्ली ब्राउन या मुख्याध्यापकांनी १९०१ साली जोलिएट गावच्या हायस्कूलातच पुढची दोन वर्षं सुरू केली. विद्यार्थी होते सहा. जोलिएट ज्युनिअर कॉलेज आजही चालू आहे.

आपल्या ज्युनिअर कॉलेजची अडचण पाहायची तर पदवी महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये डोकवावं. एकाच टेबलाभोवती दोन राज्यं बसलेली असतात. ज्युनिअरच्या शिक्षकांचा कारभार शिक्षण उपसंचालकांकडे, सिनियरच्या प्राध्यापकांचा उच्च शिक्षण सहसंचालकांकडे. वेतनश्रेणी वेगळी, सुट्ट्या वेगळ्या, कामाचे तास वेगळे. एक बोर्डाच्या पेपरांत गुंतलेला, दुसरा विद्यापीठाच्या सत्रांत. बारावीत चमकलेली मुलगी पुढच्या जूनमध्ये त्याच फाटकातून एफवायला, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाला येते. तिला दोन वर्षं शिकवलेले सर शेजारच्याच वर्गात असतात, आणि तरी तिची नोंद नव्याने होते, जणू ती परगावाहून आली आहे. भिंत हलली, पण पडली नाही.

तरीही या व्यवस्थेने गावाला जे दिलं ते विसरता येणार नाही. बारामतीला तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ साली सुरू झालं. त्याआधी या टापूतल्या मुलाला मॅट्रिकनंतर पुणं नाहीतर सोलापूर गाठावं लागे. मुलीचं शिक्षण तर मॅट्रिकपाशी थांबायचं, तेही मॅट्रिकपर्यंत गेली तर. पहिलं वर्ष पुण्या-सोलापुराहून खाली उतरलं आणि गावच्या हायस्कूलला जोडलं गेलं, तेव्हा एसटीच्या पासावर जाऊन येण्याइतकं जवळ आलं. बापाने हो म्हणायला तेवढं अंतर पुरतं.

खऱ्या अर्थाने आगाऊ क्रेडिट आपल्याकडे मिळालं ते हाताने काम करणाऱ्या मुलांना. कोठारींची विसरलेली अट महाराष्ट्राने थोडी जागवली. १९७८च्या सुमारास अकरावी-बारावीत ‘बायफोकल’ विषय आले. दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सोडायचा आणि त्यांच्या जागी २०० गुणांचा व्यवसाय विषय घ्यायचा: विजेची कामं, इलेक्ट्रॉनिक्स, पीकशास्त्र, दुग्धव्यवसाय, पुढे संगणक. नंतर एमसीव्हीसी, म्हणजे किमान कौशल्यांवर आधारित व्यवसायाचे पूर्ण वेळ अभ्यासक्रम आले. अशा मुलांना, तसंच दहावीनंतर आयटीआय केलेल्यांना, पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू लागला. डिप्लोमा झालेला पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जातो. ‘डायरेक्ट सेकंड इयर’ हे शब्द तालुक्यातल्या प्रत्येक पालकाला पाठ आहेत. खाली शिकलेलं वर मोजलं जातं, ते याच वाटेवर. इंदापुरात पॉलिटेक्निक आहे, वनगळीला इंजिनिअरिंग कॉलेज आहे आणि लोणी देवकरला कारखाने. फिटरचा आयटीआय केलेला पोरगा तीन पायऱ्यांत इंजिनिअर होऊ शकतो, आणि त्यातलं प्रत्येक वर्ष मोजलेलं असतं.

आता मोजमापच बदलतंय. वर्षाऐवजी तास मोजायची कल्पनाही अमेरिकेतलीच. १९०६ साली कार्नेगी प्रतिष्ठानाने हायस्कूलच्या एका विषयाचं माप १२० तास ठरवलं. तिथून क्रेडिटची भाषा पसरली. आपल्याकडे २०२० सालच्या शैक्षणिक धोरणानंतर २०२१मध्ये विद्यार्थ्याने मिळवलेले क्रेडिट साठवणारी पेढी आली आणि एप्रिल २०२३मध्ये राष्ट्रीय क्रेडिट आराखडा जाहीर झाला. त्याचं गणित सोपं आहे: शिकण्याचे ३० तास म्हणजे एक क्रेडिट, वर्षाला १,२०० तास, म्हणजे ४० क्रेडिट. विशेष म्हणजे यात पदवीबरोबर शाळाही धरली आहे. बारावी म्हणजे स्तर चार, पदवीचं पहिलं वर्ष साडेचार. दोन्हींमध्ये आता अर्ध्याचं अंतर आहे. आयआयटी मद्रासने आपल्या ऑनलाइन पदवीसाठी अकरावीची परीक्षा दिलेल्या मुलांनाही पात्रता परीक्षेला बसू दिलं. प्रवेश आधी पक्का करायचा, शिकायला मात्र बारावीनंतर यायचं.

म्हणजे इतकी वर्षं सगळ्यांसाठी एकत्र सरकलेली भिंत आता एकेकट्याला ओलांडता येईल. चांगलंच आहे. पण सरसकट मिळालेल्या देणगीचं आपण काय केलं, ते आधी पाहायला हवं. अकरावी-बारावीची दोन वर्षं शहरी क्लासवाल्यांनी कधीच ताब्यात घेतली. नाव एका ज्युनिअर कॉलेजात, बसायचं क्लासमध्ये, आणि या सोयीला नाव ‘इंटिग्रेटेड’. २०१८ साली सरकारला विज्ञान शाखेच्या ज्युनिअर कॉलेजांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला तो यासाठी. ज्यांना परवडलं ती मुलं वर्गातून उठून गेली. वर्गात उरली ती एसटीने येणारी.

क्रेडिटचं तसंच व्हायला वेळ लागणार नाही. ऑनलाइन अभ्यासक्रम, चांगलं इंटरनेट आणि फी भरायची ऐपत असलेला मुलगा अकरावीतच पेढीत खातं भरेल आणि गावच्या शाळेतली मुलगी दोन वर्षांनी शून्यापासून सुरुवात करेल. ते टाळायचं तर नवं काही शोधायला नको. आयटीआयच्या पोराला दुसऱ्या वर्षाचं दार उघडलं तोच न्याय कला, वाणिज्य आणि विज्ञानाला लावता येईल. तालुक्याच्या कॉलेजातले प्राध्यापक आठवड्यातून एक दिवस जवळच्या ज्युनिअर कॉलेजात पदवीच्या पहिल्या वर्षाचा एखादा विषय शिकवतील आणि त्याचे क्रेडिट तिथल्या तिथे मुलांच्या खात्यात जमा होतील. स्टाफरूम तर बऱ्याच ठिकाणी आधीपासून एकच आहे. दोन संचालनालयांनी हजेरीपत्रक तेवढं एक करायचं.