संगणक नेमका कुठे अडला?

2005 सालच्या मे महिन्यातली गोष्ट. तेव्हा आम्ही संशोधक विद्यार्थी होतो आणि सुट्टीत नांदेड जिल्ह्यातल्या बिलोलीला, आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांना भेटायला गेलो होतो. सरांच्या घरचा संगणक दोन दिवसांपासून सुरू होत नव्हता. बटण दाबले की पंखा फिरे, पडदा मात्र काळाच राही. "मेला बघ हा," सर म्हणाले. दुरुस्ती करणाऱ्याने फोनवरच निदान केले होते: नांदेडला घेऊन या, हार्ड डिस्क फॉरमॅट करावी लागेल. फॉरमॅट म्हणजे पाटी कोरी. सरांनी चार वर्षे खपून तयार केलेली प्रश्नपेढी त्या डिस्कवर होती आणि तिची दुसरी प्रत नव्हती.

आम्ही एवढेच विचारले, "सर, तो कुठपर्यंत येऊन थांबतो?" हा प्रश्न का महत्त्वाचा, हे कळण्यासाठी थोडे मागे जाऊ.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी बांधलेला टिफ्रॅक हा संगणक 1960 साली कामाला लागला. त्यात सुमारे 2700 निर्वात नळ्या होत्या. त्या पिढीच्या यंत्रांना आज्ञा सहसा छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून दिल्या जात. पण इथे एक कोडे होते. फीत वाचायची कशी, हे सांगायलाही आज्ञाच लागतात. मग पहिल्या आज्ञा कोणी द्यायच्या? काही यंत्रांत माणूस खटके वरखाली करून त्या हाताने भरत असे, तर काहींत त्या तारांच्या जोडणीतच कायमच्या बसवलेल्या असत. या मोजक्या आज्ञा पुढच्या आज्ञांना आत ओढून घेत. स्वतःच्याच बुटांचे पट्टे ओढून स्वतःला वर उचलण्यासारखे हे काम, म्हणून त्याला 'बूट' करणे म्हणू लागले.

ऑगस्ट 1981 मध्ये आयबीएमचा पीसी बाजारात आला. त्यात पहिल्या आज्ञा 'बायॉस' या नावाने एका चिपमध्ये कायमच्या कोरलेल्या होत्या. वीज मिळताच बायॉस आधी स्मृती, कळफलक वगैरे भाग तपासतो. पडद्यावर काही दाखवण्याआधीच दोष सापडला, तर तो शिट्टीसारखे आवाज करून कळवतो. सारे ठीक असेल तर तो डिस्कवरचा अगदी पहिला, 512 बाइटचा तुकडा वाचतो आणि सूत्रे त्याच्या हाती देतो. हा तुकडा पुढची मोठी कार्यप्रणाली आणतो. म्हणजे रिले शर्यतीसारखे एकाने दुसऱ्याच्या हाती काठी द्यायची.

या शर्यतीतला कच्चा दुवा विषाणू लिहिणाऱ्यांनी बरोबर हेरला. बायॉस पहिल्या तुकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो. 1986 साली लाहोरहून पसरलेला 'ब्रेन' आणि 1991 मध्ये सापडलेला, 6 मार्चला डिस्कवरची माहिती पुसणारा 'मायकेलँजेलो', हे दोघेही त्या तुकड्यातच दबा धरून बसत. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करणारे कैलास काटकर पुढे संगणक दुरुस्त करू लागले, तेव्हा अशी बाधित यंत्रे त्यांच्याकडे येऊ लागली. संगणकाचे शिक्षण घेणारे त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी मायकेलँजेलो काढून टाकणारी आज्ञावली लिहिली. 1990 च्या दशकातल्या या कामातूनच 'क्विक हील' उभे राहिले. रोग शर्यतीच्या कोणत्या टप्प्यावर आहे हे ओळखले, म्हणून उपाय सापडला.

आता पुन्हा बिलोलीला येऊ. पंखा फिरत होता, म्हणजे वीज पोचत होती. कान देऊन ऐकले तर लांब शिट्टी थांबून थांबून वाजत होती. सरांना ती पंख्याचीच कुरकुर वाटली होती. आवाजांचे संकेत कंपनीनुसार बदलतात, पण या यंत्राच्या पुस्तिकेत त्याचा अर्थ दिला होता: स्मृतीत दोष. म्हणजे काठी अजून बायॉसच्याच हातात होती, डिस्कपर्यंत पोचलीच नव्हती. मग डिस्क पुसून काय साधणार होते?

आम्ही विजेची वायर काढली, पेटीच्या धातूला हात लावून अंगावरचा स्थिरविद्युत भार घालवला आणि रॅमची पट्टी काढली. तिच्या सोनेरी कडांवर काळपट थर होता. तो खोडरबराने हलकेच पुसून पट्टी पुन्हा घट्ट बसवली. बटण दाबले. एकच छोटी शिट्टी झाली आणि पडदा उजळला.

तारीख मात्र 1 जानेवारी 2002 दिसत होती. वीज नसताना घड्याळ चालवणारी नाण्याएवढी 3 व्होल्टची बॅटरी संपली होती. तशी बॅटरी घड्याळाच्या दुकानात मिळाली. त्या संध्याकाळी सरांनी आधी प्रश्नपेढीची सीडी करून घेतली, मगच चहा ठेवायला सांगितला.

आता बायॉसची जागा यूईएफआयने घेतली आहे, फ्लॉपी गेली आहे, पण एकाने दुसऱ्याला जागे करण्याचा क्रम कायम आहे. शाळेतला संगणक सुरू होताना क्रमाने काय दिसते आणि काय ऐकू येते, हे विद्यार्थ्यांना एकदा वहीत लिहायला सांगावे. निरोगी यंत्राची ही नोंद हाताशी असली, की बिघडलेले यंत्र कुठे अडले ते लगेच कळते. वीजपुरवठ्याची पेटी मात्र कोणीही उघडू नये; वायर काढल्यावरही तिच्यात धोकादायक विद्युतभार उरतो.