कॉलेटची मापे आणि लहान लेथचा स्पिंडल : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

लहान लेथच्या, म्हणजेच कातयंत्राच्या, स्पिंडलचा आराखडा करताना प्रथम स्पिंडल ठरतो व नंतर त्यात बसणारे कॉलेट निवडले जाते, असा समज आढळतो. प्रत्यक्षात क्रम उलटा असतो. कॉलेट ही खाचा दिलेली पोलादी नळी होय. आटे पाडलेल्या दांड्याने ती मागून ओढली, की तिचा शंकू स्पिंडलच्या मुखातील शंकूवर दाबला जातो, खाचा मिटतात आणि काम पकडले जाते. साहजिकच कॉलेटची मापे हाती आल्याखेरीज स्पिंडलची पोकळी, तिच्या भिंतीची जाडी व बेअरिंगचा व्यास यांपैकी काहीच निश्चित करता येत नाही. ही मापे आली कोठून, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

त्यांचा उगम बव्हंशी घड्याळ उद्योगात आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील वॉल्थम येथे १८८० च्या दशकाच्या अखेरीस अँब्रोज वेब्स्टर व जॉन व्हिटकॉम यांच्या नावाचा लेथ प्रचारात आला. त्याच्या कॉलेटचा व्यास ८ मि.मी., शंकूचा पूर्ण कोन ४० अंश, तर मागील आट्यांचा व्यास सुमारे ६.८ मि.मी. होता. मात्र आटे इंचाला ४० होते. अंग मेट्रिक आणि आटे इंची! इंच वापरणाऱ्या देशातील कारागिरांनी घड्याळाच्या व्यवसायातील मेट्रिक परंपरा कितपत स्वीकारली, याची साक्ष या एवढ्याशा वस्तूत उरली आहे. कॉलेटवरील क्रमांकही मिलिमीटरच्या दशांशात असतो. ५० क्रमांकाचे छिद्र ५ मि.मी. चे.

पुढे काही युरोपीय निर्मात्यांनी याच आकाराच्या कॉलेटसाठी आट्यांचे अंतर ०.६२५ मि.मी. ठेवले. इंचाला ४० आटे म्हणजे ०.६३५ मि.मी. फरक शतांश मिलिमीटरचा. परंतु दहा आट्यांत तो ०.१ मि.मी. होतो व दांडा अडकू लागतो. असा फरक डोळ्यांना दिसत नाही. म्हणून जुन्या कॉलेटवरून स्पिंडल बेतणाऱ्याने एकच नमुना प्रमाण मानू नये. अंगाचा व्यास मायक्रोमीटरने अनेक ठिकाणी मोजावा, शंकूला निळा रंग लावून तो मुखात कोठे टेकतो ते पाहावे. झिजलेला शंकू खोटा कोन सांगतो. इतिहासाच्या अध्यापकाने मायक्रोमीटर हाती धरावा, हे काहींना चमत्कारिक वाटेल. तथापि आराखडे व पेटंट यांवरच विसंबणाऱ्या अभ्यासात वस्तू स्वतः जे सांगते ते निसटते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

विसाव्या शतकात हार्डिंज कंपनीमुळे रूढ झालेले ५सी कॉलेट याहून कितीतरी मोठे आहे. त्याचे अंग १.२५ इंच, म्हणजे ३१.७५ मि.मी.; मागील बाहेरचे आटे १.२३८ इंच व्यासाचे, इंचाला २०. शंकूचा पूर्ण कोन २० अंश. सव्वा इंचाची पोकळी व तिच्याभोवतीची भिंत धरता बेअरिंगचे आतील माप ४० मि.मी. च्या खाली नेणे कठीण. टेबलावर मावणाऱ्या यंत्रात ५सी बसवण्याची हौस अनेकदा येथेच संपते.

१९७० च्या दशकाच्या प्रारंभी स्वित्झर्लंडमधील रेगो-फिक्स या संस्थेने इआर पद्धत आणली. या पद्धतीत पुढील नट कॉलेटला मागे ढकलतो. दांड्याची गरज उरत नाही. शंकूचा पूर्ण कोन १६ अंश. इआर-३२ साठी नटाचे आटे ४० मि.मी. व्यासाचे व १.५ मि.मी. अंतराचे, एक कॉलेट १ मि.मी. पर्यंत मिटते. पुढे ही मापे जर्मनीच्या डिन ६४९९ या मानकात समाविष्ट झाली. वॉल्थमच्या कॉलेटला असे छापील मानक लाभले नाही. तेथे आजही स्पिंडल बेतणाऱ्याला मोजमाप स्वतःच करावे लागते, आणि तेही शक्य तर निरनिराळ्या निर्मात्यांच्या दोन-तीन नमुन्यांवर.