शेतातील कॅमेरा व ठिबक कंट्रोलर घरून सुरक्षितपणे चालवण्यासाठी व्हीपीएन

आर्वीत घर आणि काही किलोमीटरवर संत्र्याची बाग असेल, तर रानडुकरांवर नजर ठेवणारा कॅमेरा व ठिबकचा वाय-फाय कंट्रोलर सोयीचा ठरतो. मात्र तुम्हाला घरून उघडता येणारे यंत्र दुसऱ्यालाही उघडता येऊ शकते. आंबिया बहारासाठी डिसेंबरमध्ये बाग ताणावर असताना कोणी व्हॉल्व्ह सुरू केला, तर ताण तुटतो आणि फुलांऐवजी नवती निघते.

धोका कोठे असतो?

कॅमेरा बसवणारे काही तंत्रज्ञ राऊटरमध्ये 'पोर्ट फॉरवर्डिंग' करून देतात. त्यामुळे डीव्हीआर थेट इंटरनेटवर उघडा पडतो. २०१६ मध्ये 'मिराई' या मालवेअरने कंपनीकडून आलेले, न बदललेले पासवर्ड वापरूनच जगभरातील लाखो कॅमेरे, डीव्हीआर व राऊटर ताब्यात घेतले होते. म्हणून पासवर्ड आजच बदला आणि पोर्ट फॉरवर्डिंग बंद करा. डीव्हीआरवरील कंपनीच्या ॲपची 'पी-टू-पी' सोयही व्हीपीएन सुरू झाल्यावर बंद ठेवावी.

व्हीपीएनची जोडणी

व्हीपीएन म्हणजे तुमचा मोबाइल व शेतातील राऊटर यांच्यामधला सांकेतिक, बंदिस्त मार्ग. प्ले स्टोअरवरील 'फ्री व्हीपीएन' ॲप या कामाचे नाही; ते तुमची माहिती फक्त परक्या सर्व्हरमधून फिरवते.

शेतात बहुधा सिमकार्डचा राऊटर असतो. राऊटरच्या पानावर 'वॅन आयपी' पाहा. तो १० ने सुरू होत असेल किंवा १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान असेल, तर एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. अशा ठिकाणी शेतात साधा वायरगार्ड सर्व्हर लावून बाहेरून जोडणी होत नाही. तेथे टेलस्केल किंवा झिरोटियर वापरावे. माझ्या मते नवख्याला टेलस्केल सोपे जाते.

शेतातील खोलीत रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक कायम चालू ठेवून त्यावर टेलस्केल टाका. त्याला 'सबनेट राऊटर' करा आणि खात्यात जाऊन तो मार्ग मंजूर करा. ही मंजुरी राहिली तर सगळे जोडलेले दिसते, पण कॅमेरा उघडत नाही. घर व शेत दोन्हीकडे १९२.१६८.१ हीच मालिका असेल तर गोंधळ होतो. शेताची मालिका बदलून १९२.१६८.५० करा. शेतातील संगणकाची 'की एक्स्पायरी' बंद करावी, नाहीतर ठराविक मुदतीनंतर (सुरुवातीची मुदत १८० दिवस) जोडणी तुटते, आणि ती नेमकी ओलिताच्या दिवसांत तुटली तर चांगलीच पंचाईत होते. ज्या गुगल खात्याने लॉगिन केले त्याला दुहेरी पडताळणी हवीच. राऊटर व संगणक दोन्ही यूपीएसवर ठेवा. फोन हरवला किंवा सालगडी काम सोडून गेला, तर तो मोबाइल यादीतून त्याच दिवशी काढा.

मोटारीचा मोबाइल स्टार्टर

कॉल किंवा एसएमएसवर चालणाऱ्या स्टार्टरला व्हीपीएनचे संरक्षण मिळत नाही. त्याचा पिन बदला व फक्त घरच्यांचे नंबर नोंदवा. मोटार कोठूनही सुरू होऊ शकते, म्हणून विहिरीवर दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी मेन स्विच खाली पाडून फ्यूज काढून ठेवावेत. सहायक कृषी अधिकाऱ्यांनी शेतभेटीत ही बाब आवर्जून सांगावी.