दिव्याचा पगार

समुद्रापासून शेकडो मैल दूर, माळव्यात पिढ्यानपिढ्या स्थिरावलेल्या आपल्या मराठी घराण्यांना दीपगृहाचे अप्रूप वाटणे स्वाभाविक आहे. पोलोग्राउंडवरून सायंकाळी परतताना रस्त्यावरचे दिवे एका कळीसरशी उजळतात. तेव्हा एक ज्योत राखण्यासाठी रात्रभर जागणाऱ्या माणसांची आठवण होते.

अलिबागजवळ थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरी बेट आहे. शिवछत्रपतींनी १६७९ मध्ये तेथे दुर्ग बांधावयास घेतला. मायनाक भंडारी यांनी इंग्रजांच्या आरमाराला तोंड देत ते बेट राखले. पुढे इंग्रजी अमलात, १८६७ मध्ये, त्याच बेटावर मुंबईकडे येणाऱ्या जहाजांसाठी दीपगृह उभे राहिले.

तेलाच्या दिव्यांच्या त्या काळात दीपरक्षकाला उसंत नसे. दिवसा भिंगे पुसावयाची, वाती कातरावयाच्या, तेल वर वाहून न्यावयाचे. रात्री आळीपाळीने पहारा. दिवा फिरता असल्यास यंत्राची वजने हाताने वर ओढावी लागत. पावसाळ्यात दर्या खवळला की बेटाचा किनाऱ्याशी संबंध तुटे.

या कष्टांचे मोल काय होते? योगायोग असा की, १८६७ मध्येच अमेरिकेच्या काँग्रेसने दीपरक्षकांचे सरासरी वार्षिक वेतन ६०० डॉलर, म्हणजे महिना ५० डॉलर, ठरविले. मात्र हे वेतन एका नावावर निघे आणि काम अख्खे कुटुंब करी. ऱ्होड आयलंडमधील लाइम रॉक दीपगृहाच्या आयडा लुईस हिचे उदाहरण बोलके आहे. वडिलांना पक्षाघात झाल्यावर दिवा तिने व तिच्या आईने सांभाळला. बुडणाऱ्यांना तिने आपल्या होडीतून वाचविले. तरी दीपरक्षक म्हणून तिची अधिकृत नेमणूक झाली ती १८७९ मध्ये, सुमारे दोन दशकांनंतर. मग मात्र तिला वर्षाला ७५० डॉलर मिळू लागले.

सरकारी नोकरीत मी असंख्य वेतनपत्रके तपासली. रकमांची बेरीज नेहमी जुळे. पण त्या रकमेमागे घरातील कितीजण राबले, यासाठी त्यात रकाना नसे. २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी स्थळांसमवेत खांदेरीही जागतिक वारशाच्या यादीत आली. तेथे जाणाऱ्याने तटबंदीला वंदन करावेच. पण दीपगृहाकडे पाहताना, वेतनपत्रकात नाव नसलेल्या हातांचेही क्षणभर स्मरण करावे.